वेगळी वाटी

ईश्वरनं मेन्यूकार्ड उघडून शैलापुढे सरकवलं. शैलानं ते मिटलं आणि परत त्याच्यापुढे सरकवलं.

"अगं, बघ तरी," तो म्हणाला.

तिनं खांदे उडवले, गळ्याचा निळा रुमाल सारखा केला आणि काचेबाहेर बघत बसली. बाहेर लखनौच्या कपूरथला चौकाकडे जाणाऱ्या ई-रिक्षांची खेचाखेच चालली होती. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. एवढ्या लवकर या महानगर भागात कोणी जेवायला बाहेर पडत नाही, आणि या हॉटेलात तर काळोख पडल्याशिवाय टेबलांवर पाण्याचे ग्लासही लागत नाहीत. पण तायडे नवराबायको पहिल्यापासून असे अवेळीच यायचे. शैलाचा तसा नियम होता. शैलाचे नियम पुष्कळ होते, आणि ईश्वरनं त्यातल्या एकाचंही कारण कधी विचारलं नव्हतं. विचारून करायचं काय? जानकीपुरमच्या घरून गाडी काढ म्हणाली की काढायची.

वेटर शकील भाई आतून हात पुसत आला. त्याची दाढी पांढरी झालेली या दोघांनी याच टेबलावर बसून पाहिली होती. शैला दिसली की त्याचं तोंड आधीच हसायला लागायचं.

"आइए, आइए. बहुत दिन बाद! हाँ मैडम, बताइए, आज क्या-क्या नहीं डालना है?"

हा त्याचा ठरलेला विनोद. यावर शैलाचं ठरलेलं उत्तर असायचं, "पहले ये बताइए, डाला क्या-क्या है?" आणि मग दोघांची जी जुगलबंदी सुरू व्हायची, ती ऐकायला शेजारच्या टेबलावरची माणसंही घास हातात धरून थांबायची.

आज शैला नुसती हसली. तेही अर्धंच. हात गळ्यापाशी गेला.

"गले का ऑपरेशन हुआ है," ईश्वर घाईघाईनं म्हणाला. "छोटा-सा. अब ठीक है. बस, आवाज़..."

"अल्लाह! हमें तो ख़बर ही नहीं," शकील भाईचा चेहरा उतरला. "आप आराम से देखिए साहब. मैं पानी भेजता हूँ."

तो गेला. ईश्वरनं मेन्यूकार्ड उघडलं. डोळे त्यावर होते, वाचत मात्र तो काहीच नव्हता.

ऑपरेशन खरंच छोटं होतं. स्वरतंतूवर गाठ आली होती, ती डॉक्टरांनी आतूनच काढली. गळ्यावर साधा ओरखडा नाही. गाठ साधी निघाली तेव्हा ईश्वर दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला होता. दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेही शैलानं पाळलं, आणि ज्यांनी शैलाला पाहिलंय त्यांनाच कळेल की ही काय चीज झाली! मग डॉक्टर म्हणाले, आता बोला. आवाज आधी खरखरीत येईल, बोलत राहाल तसा सुधारेल.

तिनं पहिला फोन पिंकीला लावला. लेक गुडगावला नोकरीला. शैला बोलली, "पिंकी, जेवलीस का गं?" आणि पलीकडून पोरगी म्हणाली, "हेलो? कौन बोल रहा है?"

झालं. शैलानं फोन ठेवून दिला. पिंकीनं नंतर किती वेळा फोन केला, बापाला म्हणाली, "पापा, मेरा ध्यान नहीं था, नंबर देखा ही नहीं, मम्मी को दो ना." पण शैलानं काही फोन हातात घेतला नाही. त्या दिवसापासून ती गळ्याला रुमाल बांधायला लागली आणि घरात मोबाइलवर टाइप करून दाखवायला लागली. दूध आलं. गॅस संपतोय. एवढंच.

तेही ईश्वरनं सोसलं असतं. पण परवा त्यानं विचारलं, "आज काय करायचं जेवायला?" तर तिनं टाइप केलं, 'काहीही.'

काहीही! शैलाच्या तोंडी हा शब्द त्यानं सबंध संसारात ऐकला नव्हता. हा शब्द त्याचा होता. 'काहीही चालेल', 'जे असेल ते', 'राहू दे, काही बिघडत नाही', ही सगळी ईश्वरची मालमत्ता. तिच्या बोटांतून तो शब्द उमटलेला बघून तो घाबरला. ऑपरेशनच्या दिवशी घाबरला नव्हता इतका.

कारण शैला म्हणजे मागणं. लग्न झालं त्या महिन्यात नागपुरात ती दोघं डोसा खायला गेली होती. डोसे आले. शैलानं बोटानं कड दाबून बघितली आणि वेटरला म्हणाली, "दादा, हा मऊ पडलाय. मला कडक पाहिजे. द्याल का करून?" ईश्वरनं चटकन आजूबाजूला बघितलं. आता कोणीतरी ओरडणार, आता कोणीतरी विचारणार, कुठून आले हे. कोणी ओरडलं नाही. वेटर डोसा घेऊन गेला आणि कुरकुरीत, सोनेरी डोसा घेऊन परत आला. शैलानं त्याला म्हटलं, "अस्सा!" तोही खूश झाला. ईश्वरनं स्वतःचा मऊ डोसा शेवटपर्यंत खाल्ला. खाताना तो बायकोकडे बघत होता आणि त्याच्या छातीत काहीतरी फुगून आलं होतं. ही बाई आपल्या घरात आली, असं त्याला राहून राहून वाटत होतं.

अकोल्याच्या अलीकडच्या त्याच्या गावात, बसथांब्यावर एक चहाचं दुकान होतं. बाप त्याला घेऊन बाहेर उभा राहायचा. त्यांच्यासाठी कपबशी वेगळी, खिळ्याला अडकवलेली. वरून चहा ओतला जायचा. तो कधी पांचट असायचा, कधी कडूजार, कधी निवलेला. साखर कमी आहे, असं बापानं कधी म्हटलं नाही. म्हणता येतं, हेच त्याला माहीत नव्हतं. पुढे ईश्वर शिकला, सरकारी विमा कंपनीत लागला, अधिकारी झाला, बदली होऊन चारबाग स्टेशनवर उतरला आणि लखनौतच रमला. फाइलीवर तो बेधडक शेरे मारायचा, वरिष्ठाला तोंडावर चूक दाखवायचा. पण ताटात आलेलं मात्र गुपचूप खायचा. जीभ उचलतच नसे.

आणि शैलाची जीभ! तीही त्याच समाजातली, पण तिच्या बापानं नागपुरात तिला मुलासारखी वाढवली होती. तिचं मागणं उद्धट नसायचं, हे ईश्वर सगळ्यांना आवर्जून सांगायचा. ती आधी विचारायची, मग ऐकायची, मग आपलं सांगायची आणि शेवटी म्हणायची, "हो पाएगा?" कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, हेही तिला कळायचं. रात्रभर शिजलेल्या निहारीत ती कधी ढवळाढवळ करायची नाही. पण पराठ्यावर तूप सोडू नका, वाटीत द्या. कांदा पाण्यातून काढा. कोरम्यात केवड्याचा अर्क नको, हे ठरलेलं. आणि जेवण झालं की मुदपाकखान्याच्या दारात जाऊन सांगून यायची, आज छान झालं होतं म्हणून. त्यामुळे तिच्या नखऱ्यांचा कोणाला राग यायचा नाही. ईश्वर ऑफिसात कौतुकानं तिची नक्कल करायचा. "हमारी मैडम और केवड़ा! लखनऊ में रहके केवड़े से बैर!" लोक हसायचे, तोही हसायचा.

आणि आता म्हणे, काहीही.

म्हणून तर त्यानं आज गाडी काढली होती. तिच्या नियमाप्रमाणे, ऊन असतानाच.

"साहब, बताइए," शकील भाई परत आला होता.

शैला खिडकीकडे बघत होती. ईश्वरनं घसा साफ केला.

"पराठा," तो म्हणाला. "उल्टे तवे का. और... घी..."

"जी?"

आवाज कुठे गेला होता कोण जाणे. ऑपरेशन आपलंच झालंय की काय, असं त्याला वाटलं. कानामागे घाम आला. या मेजावर ज्या वाक्यांना तो इतकी वर्षं हसत आला होता, ती तोंडातून काढणं इतकं अवघड असेल असं त्याला खरंच वाटलं नव्हतं.

"घी पराठे पर मत डालिए," तो एकदम मोठ्यानं म्हणाला. "कटोरी में दीजिए. अलग से."

"बिलकुल."

काही झालं नाही. छत जागेवर होतं. शैलानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"कबाब के साथ प्याज़ जो आता है, वो पानी में धोके. नहीं तो तीखा लगता है. रायते में चीनी नहीं. बूँदी पहले मत भिगोइए, ऊपर से दीजिए," ईश्वरला आता जोर चढला होता. तो एकेक आठवत होता, बोटांवर मोजत होता, आणि शकील भाई प्रत्येक गोष्टीला अदबीनं मान लववत होता. शैलाच्या भुवया वर गेल्या होत्या. त्यानं ते बघितलं, आणि मग तर त्याला आवरेचना. "और कोरमा. कोरमे में केवड़ा बिलकुल नहीं. एक बूँद भी नहीं. मैडम को केवड़े से सिरदर्द होता है."

शैलानं हात वर केला. पुरे, असं म्हणत असेल, असं ईश्वरला वाटलं.

"हो पाएगा?" त्यानं शकील भाईला विचारलं, अगदी तिच्याच ढंगात, मान किंचित तिरपी करून.

"आपके लिए क्यों नहीं होगा," शकील भाई म्हणाला आणि आत गेला.

ईश्वरनं रुमाल काढून कपाळ टिपलं. लढाई मारून आल्यासारखा तो शैलाकडे वळला, आणि बघतो तर ती हसत होती. आधी नुसतेच खांदे हलत होते. तिनं तोंडावर हात धरला. मग बोटांच्या फटीतून खर्रर्र असा आवाज निघाला, जुनं दार उघडल्यासारखा, आणि तो काही थांबेना. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

"काय झालं? काही चुकलं का माझं?"

"अहो," ती म्हणाली. आवाज फाटका होता, जाड, अर्धा वाराच. ईश्वर जागच्या जागी थिजला. "अहो, डोकं माझं नाही दुखत. तुमचं दुखतं."

"माझं?"

"केवड्यानं."

"काहीतरीच काय!"

"मिश्राजींच्या मुलीचं लग्न आठवतं? आपण इथे नवीन आलो होतो." मधे थांबून ती पाणी प्यायली. "तुम्ही कोरमा खाऊन आले आणि रात्रभर डोकं धरून बसले. म्हणे, ऊन लागलं. दिवाळीच्या पुढची लग्नं, कुठलं आलंय ऊन! पुन्हा त्या खानसाहेबांकडे ईदला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी ताटाकडेच बघत होते. वास आला की तुम्ही ताट असं बोटभर मागे सारता. आणि मग खाता. सगळं खाता."

ईश्वरनं समोरच्या रिकाम्या ताटाकडे बघितलं. त्याची दोन बोटं ताटाच्या कडेवर होती. ती त्यानं उचलून मांडीवर घेतली.

"मग तू सांगायचं होतं ना मला!"

"सांगून काय केलं असतं तुम्ही? 'राहू दे, काही बिघडत नाही' म्हणाला असतात." तिनं त्याची नक्कल केली. त्या खरखरीत आवाजात ती इतकी हुबेहूब उतरली की ईश्वरलाही हसू आलं असतं, पण आलं नाही. "एकाच वाटीतलं खातो आपण. म्हटलं, माझ्या नावावर खपवू. माझ्या नावावर एवढं आहे, त्यात आणखी एक."

"आणि तुला?"

शैलानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग अगदी लहान आवाजात, जणू कोणाची तरी चोरी कबूल करतेय अशी म्हणाली,

"मला आवडतो हो केवडा."

ईश्वरला ऑफिसातले ते सगळे हसणारे चेहरे दिसले. लखनऊ में रहके केवड़े से बैर. किती वेळा सांगितला होता त्यानं तो विनोद! आणि ती शेजारी उभी राहून हसायची, कधीतरी पदरानं तोंड झाकून. या बाईनं एवढी वर्षं या गावात राहून, स्वतःला आवडणाऱ्या वासावाचून जेवण केलं होतं, आणि वर नखरेल म्हणूनही मिरवून घेतलं होतं. त्याला तिचा असा काही अभिमान वाटला, आणि स्वतःची अशी काही लाज वाटली, की त्याला बसवेना.

तो उठला. खुर्ची मागे ढकलली गेली, तिचा केवढा तरी आवाज झाला.

"अहो, कुठे चालले?"

"शकील भाई!" ईश्वरनं हाक मारली. गेलेल्या वेटरला त्यानं आयुष्यात पहिल्यांदा परत बोलावलं होतं. "शकील भाई, सुनिए! कोरमे का ऑर्डर बदलना है."

शकील भाई दारातून डोकावला. गल्ल्यावरचा माणूसही बघायला लागला.

"दो कटोरी लगाइए. एक में केवड़ा डालिए. अच्छे से डालिए, मैडम को पसंद है." त्यानं श्वास घेतला. "और एक अलग कटोरी, बिना केवड़े की. वो मेरे लिए है. सिरदर्द मुझे होता है."

वेगळी वाटी. बोलून गेल्यावर शब्द त्याच्या कानात वाजला. खिळ्याला अडकवलेली कपबशी क्षणभर डोळ्यांपुढे आली. पण ती दुसऱ्यांनी ठरवून दिली होती, आणि ही तो स्वतः मागत होता. तो ताठ उभा राहिला.

"हो पाएगा?" त्यानं विचारलं. या खेपेला नक्कल नव्हती.

"क्यों नहीं साहब, अभी तो केवड़ा पड़ा ही नहीं है," शकील भाई म्हणाला. "देग में सबसे आख़िर में पड़ता है, शाम का काम शुरू होने से पहले. मैडम ने पहली ही बार में पूछ लिया था, कब डालते हो. तभी तो आप लोग इतनी जल्दी आते हैं."

ईश्वर हळूच खाली बसला. काचेबाहेर ऊन अजून होतं. किती संध्याकाळी तो या उन्हात कुरकुरत गाडी चालवत आला होता! भूक नाही, घाई कसली, अजून वेळ आहे. शैला मीठदाणी सरळ करण्यात गुंतली होती.

"तूही ना," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. बोल तू. बोलत राहा."

कोरमा आला. वाट्या दोन, दिसायला सारख्या. शैलाच्या वाटीतून वाफेबरोबर तो वास उठला. ईश्वरचं कपाळ लगेच जड व्हायला लागलं आणि त्यानं, कसलाही आडपडदा न ठेवता, आपली वाटी टेबलाच्या पार कडेला नेली. शैलानं पराठ्याचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. ते बराच वेळ उघडले नाहीत. ईश्वर जेवायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला, नागपुरात त्या मऊ डोशासमोर बसून बघितलं होतं तसा.

हळूहळू टेबलं भरायला लागली. एक मोठं कुटुंब आलं, पोरांचा गलका झाला. शकील भाई पाठ करून त्यांच्या ग्लासांत पाणी ओतत होता. शैलानं कबाबच्या ताटलीकडे बघितलं. कांदा धुतलेला होता. लिंबू त्यावर पिळूनच आणलं होतं.

तिनं ईश्वरकडे बघितलं. त्याच्या ऑर्डरीत हे राहून गेलं होतं.

त्यानं तोंड उघडलं, आणि मग मिटून घेतलं. तो घास चावत राहिला.

शैलाचा हात गळ्याच्या रुमालाकडे गेला. ती शेजारच्या टेबलाकडे बघत होती, त्या गलक्याकडे, शकील भाईच्या पाठीकडे. मग तिनं मान वर केली.

"भैया," ती म्हणाली. आवाज फाटला, मधेच तुटला. पलीकडच्या टेबलावरची दोन माणसं वळून बघायला लागली. तिनं पुन्हा जोर लावला. "भैया, प्याज़ और लाइए. नींबू अलग से. निचोड़िए मत, मैं ख़ुद..."

शकील भाईनं मागे वळून बघितलं नाही. कोण बोलतंय, असं विचारलं नाही. त्याच्या हातातली पाण्याची धारसुद्धा हलली नाही.

"लाया, मैडम," तो म्हणाला. "और काली मिर्च भी तो माँगेंगी अभी."